ओहायोची १८६३ ची गव्हर्नर निवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या या निवडणुकीबद्दल सगळीकडे दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक म्हणजे उमेदवार हद्दपार होता आणि दुसरी म्हणजे सैनिकांनी अध्यक्ष लिंकनची लाज राखली. पहिली शंभर टक्के खरी आहे, दुसरी अर्धीच. मतांचे आकडे १८६० आणि १८६२ च्या आकड्यांशेजारी ठेवून बघितले की चित्र बरंच वेगळं दिसतं, आणि लोकांचे सगळ्यात जास्त प्रश्नही त्याच बाबतीत असतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

ही निवडणूक कधी झाली आणि कोणाकोणात झाली?

१३ ऑक्टोबर १८६३, मंगळवार. अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू होऊन अडीच वर्षं झाली होती. एका बाजूला युनियन पार्टीचा जॉन ब्रफ, म्हणजे रिपब्लिकन आणि युद्धाच्या बाजूचे डेमोक्रॅट यांचा मिळून केलेला उमेदवार, आणि दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅटिक पक्षाचा क्लेमेंट व्हॅलँडिगम, जो युद्ध ताबडतोब थांबवून, फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांशी बोलणी करा असं म्हणत होता. ओहायोत तेव्हा गव्हर्नरची मुदत दोन वर्षांची असायची आणि राज्याचं मतदान नोव्हेंबरात नाही तर ऑक्टोबरात व्हायचं, त्यामुळे ओहायो काय करतं याकडे सगळा देश डोळे लावून बसायचा.

व्हॅलँडिगम कोण होता? गद्दार होता का?

डेटन शहरातला वकील, १८५८ पासून काँग्रेसमध्ये, फर्डा वक्ता. १८६२ मध्ये त्याच्या मतदारसंघाची हद्द बदलून त्यात रिपब्लिकन वस्तीचा वॉरन परगणा जोडला गेला आणि तो पडला. दक्षिणेने फुटून निघावं असं त्याचं म्हणणं कधीच नव्हतं हे आधी लक्षात घ्या. त्याच्या गटाची घोषणा होती की राज्यघटना आहे तशी आणि संघराज्य होतं तसं. ऐकायला साधी वाटते, पण 'होतं तसं' याचा सरळ अर्थ गुलामगिरीसकट असा होतो, आणि लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ ला लागू झाल्यावर तर तो अर्थ लपवायचीही सोय राहिली नव्हती. माझ्या मते तो गद्दार नव्हता, पण ज्या शांततेसाठी तो घसा कोरडा करत होता तिची किंमत चाळीस लाख गुलामांनी मोजायची होती, आणि त्याच्या भाषणांत त्या माणसांना माणूस म्हणून जागाच नव्हती.

त्याच्या गटाला विरोधक कॉपरहेड म्हणायचे, म्हणजे गवतातून आवाज न करता चावणारा विषारी साप. यांनी ते नाव उलट मिरवलं. तांब्याच्या एक सेंटच्या नाण्यावर स्वातंत्र्यदेवीचं डोकं असायचं, ते कापून काढून मागे पिन लावायची आणि कोटावर बिल्ला म्हणून लावायचं. अशा बिल्ल्यांवरून बाजारात, सभांमध्ये, अगदी बायकांमध्येसुद्धा हातघाईपर्यंत गोष्टी गेल्या.

त्याला अटक का झाली?

ओहायोतल्याच सिनसिनाटीत बसलेल्या, उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल बर्नसाइडने १३ एप्रिल १८६३ ला हुकूम नंबर ३८ काढला. शत्रूबद्दल सहानुभूती जाहीर करण्याची सवय खपवून घेतली जाणार नाही, असं करणाऱ्याला अटक होईल आणि लष्करी कोर्टापुढे उभं केलं जाईल. १ मे ला माउंट व्हर्नन गावात व्हॅलँडिगमची प्रचंड सभा झाली आणि बर्नसाइडने साध्या कपड्यांत पाठवलेले अधिकारी गर्दीत उभं राहून भाषणाची टिपणं घेत होते. हे युद्ध दुष्ट, क्रूर आणि अनावश्यक आहे, काळ्यांना मोकळं करून गोऱ्यांना गुलाम करण्यासाठी चाललंय, अशी वाक्यं पुढे आरोपपत्रात आली.

५ मे च्या पहाटे, अजून अंधार असताना, खास गाडीने आलेले सैनिक त्याच्या डेटनच्या घरी पोचले, तो वरच्या खिडकीतून ओरडत राहिला आणि खाली सैनिकांनी दारं फोडली. सकाळ झाली तोवर त्याला सिनसिनाटीला नेलेलं होतं. त्या संध्याकाळी डेटनमध्ये जमावाने रिपब्लिकन बाजूच्या 'डेटन जर्नल' या वर्तमानपत्राचं ऑफिस पेटवून दिलं. लष्करी कोर्टाने दोन दिवसांत खटला उरकला आणि युद्ध संपेपर्यंत कैद अशी शिक्षा दिली.

लिंकनला हे प्रकरण नकोच होतं, पण आपल्या जनरलला तोंडघशी पाडणंही त्याला परवडणारं नव्हतं. म्हणून त्याने कैदेऐवजी हद्दपारी केली, जा तुझ्या आवडत्या दक्षिणेत. २५ मे ला टेनेसीत मर्फ्रीसबरोजवळ त्याला दक्षिणेच्या चौकीवर सोडून दिलं.

मग हद्दपार माणूस उमेदवार कसा काय झाला?

अटकेमुळेच झाला. त्याआधी पक्षातल्या सावध मंडळींना तो नको होता, तो फार टोकाचं बोलतो अशी त्यांची तक्रार होती. पण रात्री घरात घुसून माणूस उचलून नेला, साध्या कोर्टात न नेता लष्करापुढे उभा केला, हे बघून लोक खवळले. आता व्हॅलँडिगमचं समर्थन म्हणजे भाषणस्वातंत्र्याचं समर्थन असं समीकरण झालं आणि ११ जूनला कोलंबसच्या अधिवेशनात हजारोंच्या गर्दीने त्याचं नाव अक्षरशः लादून घेतलं. बर्नसाइड गप्प बसला असता तर हा माणूस उमेदवार झाला असता का, मला तरी वाटत नाही.

अटक चूक होती असं माझं स्पष्ट मत आहे. लिंकनने जून महिन्यात दोन जाहीर पत्रं लिहून बाजू मांडली आणि त्यात त्याने विचारलं की सैन्यातून पळून जाणाऱ्या साध्याभोळ्या पोराला मी गोळी घालायची आणि त्याला पळायला लावणाऱ्या धूर्त माणसाच्या केसालाही हात लावायचा नाही का? सवाल जबरदस्त आहे, पण ओहायोत तेव्हा साधी कोर्टं व्यवस्थित चालू होती, त्यामुळे उत्तर अपुरं पडतं.

प्रचार केला कुठून?

कॅनडातून. दक्षिणेला त्याचं काय करायचं कळेना, कारण तो तिथेही म्हणत होता की मी अमेरिकेचा नागरिक आहे आणि मनाविरुद्ध इथे आहे. मग विल्मिंग्टन बंदरातून नाकेबंदी चुकवणाऱ्या जहाजाने बर्म्युडा, तिथून कॅनडा, आणि शेवटी विंडसर गावात मुक्काम. समोर नदी आणि नदीपलीकडे डेट्रॉइट. ओहायोतून शिष्टमंडळं त्याला भेटायला यायची, तो पत्रकं लिहून पाठवायचा. प्रत्यक्ष गावोगाव फिरून सभा गाजवल्या त्या लेफ्टनंट गव्हर्नरपदाचा उमेदवार जॉर्ज प्यू याने, जो लष्करी हुकुमाविरुद्धच्या कोर्टातल्या लढाईत त्याचा वकीलही होता.

जॉन ब्रफ कोण? आणि तेव्हाच्या गव्हर्नरला तिकीट का मिळालं नाही?

ब्रफ मूळचा डेमोक्रॅटच, एकेकाळचा राज्याचा ऑडिटर, वर्तमानपत्रवाला, नंतर रेल्वे कंपनीचा प्रेसिडेंट. राजकारण सोडून जवळपास पंधरा-वीस वर्षं झाली होती. १० जूनला मरिएटात, आपल्या जन्मगावी, त्याने युद्धाच्या बाजूने दणक्यात भाषण केलं आणि ते राज्यभर छापून आलं. विद्यमान गव्हर्नर डेव्हिड टॉड काही वाईट नव्हता, पण राजकीय अटका आणि नेमणुका यांवरून त्याने दोन्हीकडच्या लोकांना दुखावून ठेवलेलं. एका आठवड्यात वारं फिरलं आणि १७ जूनला थोडक्या फरकाने ब्रफला तिकीट मिळालं. पूर्वीचा डेमोक्रॅट उभा केल्यामुळे काठावरच्या डेमोक्रॅट मतदाराला पक्ष बदलल्यासारखं न वाटता इकडे येता आलं, ही चाल फार हुशारीची होती.

मतदान गुप्त होतं का?

नाही. सरकारी मतपत्रिका नावाची गोष्टच नव्हती. प्रत्येक पक्ष आपापल्या उमेदवारांची नावं असलेली चिठ्ठी छापायचा, तिला तिकीट म्हणायचे, ती कार्यकर्त्याकडून घ्यायची आणि सगळ्यांसमोर पेटीत टाकायची. कोणाच्या हातात कुठलं तिकीट आहे हे गावाला दिसायचं. ओहायोत गुप्त मतदान आलं ते थेट १८९१ मध्ये. त्यामुळे पुढचे सगळे आकडे बघताना हे डोक्यात असू द्या, की मत देणं ही तेव्हा शेजाऱ्यांसमोर केलेली कृती होती.

मत कोणाला देता येत होतं?

२१ वर्षांवरच्या गोऱ्या पुरुष नागरिकांना. ओहायोच्या कोर्टाने १८४२ मध्ये ठरवलं होतं की ज्याच्यात अर्ध्याहून जास्त गोरं रक्त आहे तो गोरा, त्यामुळे काही मिश्रवंशीय पुरुष मत देत होते. बाकी काळ्या पुरुषांना नाही, बायकांना तर नाहीच. १८६३ च्याच उन्हाळ्यात डेलावेअर गावाजवळच्या छावणीत ओहायोची १२७ वी पलटण उभी राहत होती, सगळे काळे सैनिक, भरतीसाठी जॉन मर्सर लँगस्टनसारखा काळा वकील आणि पुढारी राबत होता. ज्या निवडणुकीत 'सैनिकांचं मत' हा एवढा मोठा विषय झाला तिच्यात या पलटणीला मतच नव्हतं. इतिहास सांगताना हे बहुतेक वेळा गाळलं जातं आणि ते मला अजिबात पटत नाही.

सैनिकांनी मत कसं दिलं?

१८६२ पर्यंत मत द्यायचं तर घरी असायला हवं. त्यामुळे हजारो सैनिक मतदानाबाहेर राहिले आणि डेमोक्रॅट जिंकले. ते बघून युनियनवाल्यांच्या हातात असलेल्या विधिमंडळाने एप्रिल १८६३ मध्ये कायदा केला की सैनिक जिथे असेल तिथे मत देऊ शकेल. मग ऑक्टोबरात छावण्यांमध्ये, इस्पितळांमध्ये मतदान झालं. यातले बरेच जण तेव्हा चॅटनूगात होते, तीन आठवड्यांपूर्वी चिकमॉगाची लढाई हरून वेढ्यात अडकलेले, अर्ध्या रेशनवर. त्या अवस्थेत त्यांनी युद्ध चालू ठेवा म्हणून मत दिलं.

निकाल काय लागला?

ब्रफला सुमारे २ लाख ८८ हजार, व्हॅलँडिगमला सुमारे १ लाख ८७ हजार. फरक एक लाखाच्या थोडा वर. टक्केवारीत साधारण साडेसाठ विरुद्ध साडेएकोणचाळीस. सैनिकांमध्ये ब्रफला ४१ हजारांवर आणि व्हॅलँडिगमला २,३०० च्या आसपास, म्हणजे शंभरातले जवळजवळ ९५ सैनिक ब्रफकडे.

म्हणजे सैनिकांनीच निवडणूक जिंकून दिली ना?

नाही! हाच तो अर्धसत्याचा भाग. सैनिकांची सगळी मतं बाजूला काढून टाका, तरी घरच्या मतदारांत ब्रफ ६० हजारांहून जास्त मतांनी पुढे आहे. सैनिकांनी विजय मोठा केला, विजय त्यांच्यामुळे झाला नाही.

मग व्हॅलँडिगमची मतं फुटली का?

इथेच खरी गंमत आहे आणि हा प्रश्न फार कमी जण विचारतात. १८६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोत लिंकनविरुद्धच्या डेमोक्रॅट डग्लसला सुमारे १ लाख ८७ हजार मतं होती. १८६२ मध्ये पक्षाच्या राज्यपातळीवरच्या उमेदवारांना सुमारे १ लाख ८४ हजार. आणि १८६३ मध्ये हद्दपार झालेल्या, वर्तमानपत्रांत रोज देशद्रोही म्हणून झोडपल्या जाणाऱ्या माणसाला १ लाख ८७ हजार. बेरीज जवळजवळ हललीच नाही.

हललं ते दुसरं पारडं. लिंकनला १८६० मध्ये ओहायोत सुमारे २ लाख ३१ हजार, १८६२ मध्ये युनियनवाल्यांना फक्त १ लाख ७८ हजार, आणि १८६३ मध्ये एकदम २ लाख ८८ हजार. एका वर्षात एक लाखावर वाढ. त्यातले ४१ हजार छावणीतले धरा, उरलेली ६८ हजारांच्या आसपास वाढ घरच्याच मतदारांची आहे. एकूण मतदान १८६० च्या अध्यक्षीय निवडणुकीपेक्षाही ३० हजारांहून जास्त झालं, आणि तेही फक्त गव्हर्नरच्या निवडणुकीला.

तर व्हॅलँडिगमने आपले लोक गमावले म्हणून तो पडला असं नाही, त्याच्या उमेदवारीने समोरचे, काठावरचे, १८६२ ला कंटाळून घरी बसलेले असे सगळे बाहेर निघाले म्हणून तो पडला. हो, बेरीज सारखी राहिली म्हणजे माणसं तीच राहिली असं नव्हे. काही डेमोक्रॅट ब्रफकडे नक्की गेले आणि त्यांची जागा नव्याने चिडलेल्या मतदारांनी भरून काढली, हे धरायला हवं. पण ढोबळ चित्र तेच राहतं. युद्धाच्या ऐन मध्यावर, उघड तिकीट हातात धरून, शंभरातल्या चाळीस मतदारांनी या माणसाला मत दिलं, हे विसरून 'ओहायो एकमुखाने लिंकनमागे उभं राहिलं' असं लिहिणं चुकीचं आहे.

कुठल्या भागात कोण चाललं?

ईशान्येचा कोपरा, ज्याला वेस्टर्न रिझर्व्ह म्हणतात, अॅश्टबुला वगैरे परगणे, तिथे कनेटिकट आणि न्यू इंग्लंडमधून आलेली वस्ती, गुलामगिरीविरोधाची जुनी परंपरा. तिथे ब्रफच्या मतांचा अक्षरशः पाऊस पडला.

व्हॅलँडिगमचे गड म्हणजे पश्चिमेकडचे जर्मन कॅथलिक शेतकऱ्यांचे मर्सर आणि ऑग्लेझसारखे परगणे आणि मध्यावरचा होम्स, जिथे पेनसिल्व्हेनियातून आलेली जर्मन वंशाची वस्ती. होम्समध्ये तर जूनमध्येच सक्तीच्या भरतीच्या नोंदणीवरून मारामारी होऊन, लोकांनी टेकडीवर मोर्चेबंदी केली आणि सैन्य पाठवावं लागलं. या लोकांचा राग समजून घ्यायला हवा. मार्च १८६३ च्या कायद्याने ३०० डॉलर भरणाऱ्याला भरतीतून सूट होती, आणि ३०० डॉलर ही मजुराची जवळपास वर्षभराची कमाई. त्यात मिसिसिपी नदीचा व्यापार बंद पडून रेल्वेचं भाडं चढलेलं. आणि याच्या जोडीला काळे मजूर उत्तरेत येऊन आपली कामं घेतील ही भीती, जी डेमोक्रॅट वर्तमानपत्रांनी मुद्दाम भडकवली. खरी तक्रार आणि वंशद्वेष दोन्ही एकाच मतात मिसळलेले होते, वेगळे काढता येत नाहीत.

दक्षिण ओहायो म्हणजे सगळं दक्षिणेच्या बाजूचं असं सरसकट समजू नका. नदीकाठच्या मरिएटासारख्या भागात न्यू इंग्लंडची जुनी वस्ती होती आणि ते युनियनचे कट्टर होते.

गेटिसबर्गचा परिणाम झाला का?

झाला तर. व्हॅलँडिगमला तिकीट मिळालं तेव्हा उत्तर हरत होती, शांतता हवी म्हणणारा माणूस व्यवहारी वाटत होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेने गेटिसबर्गची लढाई आणि व्हिक्सबर्ग शहर दोन्ही जिंकले आणि त्याच्या मुद्द्यातली हवाच गेली. वर त्याच महिन्यात दक्षिणेचा घोडदळवाला जॉन मॉर्गन ओहायोत घुसला, घोडे पळवले, दुकानं लुटली, २६ जुलैला पकडला गेला. ज्याच्या तबेल्यातला घोडा गेला त्याला शत्रूशी बोलणी करा हे पटवणं अवघड.

लिंकनला एवढी काळजी का वाटत होती?

कारण सैनिक राज्यांमार्फत उभे राहायचे. ओहायोने अख्ख्या युद्धात तीन लाखांहून जास्त माणसं दिली, त्याच्यापुढे फक्त न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया. तिथे विरोधी गव्हर्नर बसला की भरतीला खीळ. त्याच दिवशी पेनसिल्व्हेनियातही मतदान होतं, तिथे लिंकनच्या बाजूचा गव्हर्नर अँड्र्यू कर्टिन पुन्हा जिंकला. नौदल मंत्री वेल्सच्या डायरीत नोंद आहे की लिंकन त्याला म्हणाला, माझ्या स्वतःच्या निवडणुकीपेक्षा या निकालांची मला जास्त काळजी लागली होती. अर्थमंत्री चेस तर प्रचाराला आणि मत द्यायला स्वतः ओहायोला गेला.

सैनिकांवर दबाव होता का?

थोडाफार असणारच, तिकीट उघडं, वरिष्ठ शेजारी, आणि छावणीत व्हॅलँडिगमचं नाव घेणं म्हणजे संकट ओढवून घेणं. पण ९५ टक्के फक्त धाकाने येत नाहीत. आपण इथे मरतोय आणि हा माणूस म्हणतोय तुमचं मरण अनावश्यक, ही चीड खरी होती, सैनिकांनी घरी पाठवलेली पत्रं आणि पलटणींनी केलेले ठराव त्याची साक्ष देतात. मला खरं आश्चर्य त्या २,३०० जणांचं वाटतं ज्यांनी सगळ्यांदेखत दुसरं तिकीट टाकलं.

याचा आपल्याकडे काही संबंध आहे का?

या निवडणुकीशी थेट नाही. पण ज्या युद्धाचा हा एक टप्पा होता त्याचा आहे. दक्षिणेचा कापूस बंद झाला म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईचा शेअरबाजार कोसळला. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ काळ्यांना गुलामीतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला. 'संघराज्य होतं तसं' ही घोषणा जिंकली असती तर त्या अर्पणपत्रिकेला कारणच उरलं नसतं.

पुढे दोघांचं काय झालं?

ब्रफने १८६४ मध्ये शंभर दिवसांसाठी सुमारे ३६ हजार माणसं उभी करून दिली, पण मुदत पुरी व्हायच्या आत ऑगस्ट १८६५ मध्ये वारला. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी १८६४ मध्ये व्हॅलँडिगमचा अर्ज आपल्या अधिकारात बसत नाही म्हणून बाजूला ठेवला. तो मुद्दा १८६६ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात निकाली निघाला, साधी कोर्टं चालू असताना नागरिकाला लष्करी कोर्टापुढे उभं करता येत नाही. तोवर युद्ध संपलेलं. स्वतः व्हॅलँडिगम जून १८६४ मध्ये वेषांतर करून परत आला, लिंकनने त्याला पुन्हा हात लावला नाही. १८७१ मध्ये लेबनन गावात एका खुनाच्या खटल्यात आरोपीचा वकील असताना, मेलेल्या माणसाला स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी कशी लागली असेल हे दाखवता दाखवता त्याच्या हातातलं भरलेलं पिस्तूल उडालं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. आरोपी पुढे सुटला.

वेगवेगळ्या ठिकाणी आकडे वेगळे का दिसतात?

काही याद्या फक्त घरची मतं देतात, काही छावणीची मिळवून. सैनिकांची मतं दूरवरून उशिरा पोचायची आणि त्यांची मोजणी वेगळी व्हायची. म्हणून ब्रफचा फरक कुठे ६१-६२ हजार दिसतो, कुठे एक लाख. दोन्ही बरोबर आहेत, कुठली यादी आहे ते आधी बघा. एकूण बेरजेतही काहीशे मतांचा फरक आढळतो, त्याने वरच्या हिशोबात काही बदलत नाही.